दातात धरलेली माळ

वस्ताद वजन उचलताना गळ्यातली तुळशीची माळ दातात धरायचे. बार खांद्यावर घेतला की मानेमागे मण्यांवर लोखंड यायचं आणि मणी फुटायचे. म्हणून बाराखाली वाकण्याआधी ते माळ पुढे ओढून घेत, तिचा पदर दातांत पकडत आणि मग श्वास भरून खाली बसत. भिंगारच्या आमच्या व्यायामशाळेत बाकी सगळे उचलताना आरोळ्या ठोकायचे, कुंथायचे, कुणी आईचं नाव घ्यायचा, कुणी भलतंच काही. वस्तादांचा उचलतानाचा आवाज मात्र कुणी ऐकला नव्हता. तोंड उघडलं तर माळ सुटणार ना. बार जागेवर ठेवून, माळ सोडून, ती पंच्याने पुसून झाली की मगच ते बोलत. तोवर कुणी काही विचारलं तर नुसत्या भुवया उडवत. नवीन माणूस आला की आम्ही त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचो, वस्तादांच्या दातात माळ असताना त्यांना हाक मारू नकोस, ते बोलायचे नाहीत.

माळसुद्धा साधी नव्हती. त्यांची मान अशी भरलेली, की चारचौघांची माळ त्यांच्या गळ्याला घट्ट बसायची, दातापर्यंत यायचा प्रश्नच नाही. मग त्यांनी तीत जादा मणी ओवून घेतले. ओवणाऱ्याने म्हणे विचारलं होतं, "बैलासाठी पाहिजे का?" हे ते स्वतःच हसत हसत सांगायचे आणि सांगताना एक हात माळेवर असायचा. त्या माळेला धक्का लागला तो मी आणलेल्या डब्यामुळे. ते पुढे येईलच. पण आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्ही मला उगाच भला माणूस समजणार नाही.

वस्ताद मूळचे तिसगावकडचे. तरुणपणी नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर म्हणून लागले आणि भिंगारच्या जुन्या बाजारामागे खोली करून राहिले ते कायमचेच. व्यायामशाळा म्हणजे त्या खोलीला लागून असलेली पत्र्याची शेड. तिथली निम्मी वजनं त्यांनी स्वतः लेथवर काढलेली. दोन डंबेल सारखे दिसले तरी एक जरा जड असायचा आणि कोणता ते फक्त त्यांना ठाऊक. ज्याचा डावा हात कच्चा, त्याच्या डाव्या हातात ते मुद्दाम जड डंबेल द्यायचे आणि वर म्हणायचे, "दोन्ही सारकंच हायती." तेवढं एक खोटं ते बोलत. दुसरं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

माळकऱ्याची व्यायामशाळा म्हटल्यावर बाहेरच्यांना वाटायचं, इथे अंड्याचं नाव काढलं तर हाकलून देतील. तसं काही नव्हतं. लष्कराच्या शेजारचं गाव, सगळ्या प्रकारची माणसं यायची. इम्रान लष्करी डेपोत हेल्पर होता, तो डब्यात उकडलेली अंडी घेऊन यायचा. मी बौद्ध घरातला. आमच्याकडे रविवारी मटण शिजलं नाही तर आई आजारी आहे असं शेजारी समजतात. वस्ताद म्हणायचे, "माळ माज्या गळ्यात हाय, तुमच्या न्हाई. तुमी बिनघोर खा. फकस्त हितं सोलू नका, टरफलं माज्या पायाला लागत्यात." चुकून टरफल पडलेलं दिसलं तर ते पाय उचलून बाजूने जायचे. राग नाही, टोमणा नाही. इम्रानच मग ओशाळून झाडू घ्यायचा.

वजनाला हात घालायच्या आधी त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "आधी इचार, मग उचल." विचारायचं कुणाला, तर कमरेला, गुडघ्याला, आदल्या रात्रीच्या झोपेला. मी नागापूरच्या एका कंपनीत मशीनपुढे उभा राहून राहून कंबर धरून घेतली होती, म्हणून तर त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला कितीतरी दिवस नुसती काठी उचलायला लावली. मी तसा तापट. एकदा म्हणालोच, "वस्ताद, काठी घ्यायला मी काय गुरं वळायला आलोय का?" ते शांतपणे म्हणाले, "कमरेला इचारलंस का? काय म्हनली?" मी म्हणालो, दुखतेय म्हणाली. "मग काठीच." त्या काठीनेच माझी कंबर सुटली, हे कबूल केलं पाहिजे.

दोघांनी मिळून साधं बाकडं हलवायचं असलं तरी नियम तोच. समोरच्याला "उचलू का?" विचारायचं आणि त्याने "हां" म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं की कंपनीत मशीनचा पार्ट उचलतानाही माझ्या तोंडून "उचलू का?" निघायचं आणि पोरं हसायची.

खाण्यापिण्यातही त्यांची चौकशी सुरूच. लग्नात पंगतीला बसण्याआधी आचाऱ्याकडे जाऊन यायचे. पळी तीच का, तेल वेगळं का, मसाला कुठे वाटला. आम्ही त्यांना चौकशी खिडकी म्हणायचो. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. "पोट माजं हाय, मग इचारायचं कुनी?" एवढंच म्हणायचे. घरी मात्र काही विचारावं लागत नसे, कारण काकूंच्याही गळ्यात माळ. काकू म्हणजे त्यांच्या मंडळी, बोलायला कमी आणि वाढायला भक्कम. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, शेंगदाणे, तांब्याभर दूध. त्याच्यावर वस्तादांचं ते शरीर उभं होतं. कुणी प्रोटीनच्या डब्यांच्या गप्पा मारायला लागला की ते काकूंच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवायचे.

आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळापुढे एक भली मोठी दगडी गोटी आहे, ताकद अजमावायला उचलतात ती. हनुमान जयंतीला आरती झाली की वस्तादांनी ती खांद्यावर घ्यायची, हा गल्लीचा रिवाज होता. साठीला आले तरी त्यात खंड नव्हता. पण एका वर्षी थंडीत त्यांना टायफॉइड झाला आणि अंग जे उतरलं ते भरेचना. जयंतीला त्यांनी माळ दातात धरली, गोटीला मिठी मारली, गोटी गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच राहिली. सगळी गल्ली बघत होती. वस्तादांनी ती आदळली नाही, हळूच खाली ठेवली. माळ सोडली, पुसली आणि म्हणाले, "इचारलं हुतं. न्हाई म्हनली. तरीबी उचलाया गेलो, माजी चूक." लोक हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून ते भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून व्यायामशाळेत येऊ लागले. ते मला बघवेना.

माझ्या कंपनीतले एक साहेब परदेशी जाऊन-येऊन असत आणि त्यांना व्यायामाचा नाद. मी त्यांना वस्तादांचं सांगितलं. त्यांनी मला एक मोठा काळा डबा आणून दिला आणि समजावलं, की दूध-डाळ म्हणजे अख्खं मशीन, शरीराला ते खोलून त्यातले सुटे भाग काढावे लागतात. या डब्यात थेट सुटे भाग आहेत. त्यांना ॲमिनो ॲसिड म्हणतात. स्नायू त्यानेच बांधले जातात. वय झालं, आजारपण झालं की हे थेट दिलेलं बरं. मला वाटलं, टर्नर माणसाला ही भाषा लगेच पटेल.

"काय हाय ह्यात?" वस्तादांनी विचारलं.

"ॲमिनो ॲसिड."

"ॲसिड?" ते एक पाऊल मागे सरले. "प्लेटिंगच्या टाकीत घालत्यात ते?"

"ते नाही हो. नाव आहे नुसतं. ॲमिनो."

"आमी नो," ते म्हणाले. "म्हंजी आमी न्हाई. बग, नावातच न्हाई म्हनतंय." आम्ही सगळे खूप हसलो. पुढे कितीतरी दिवस तो विनोद चालला. इम्रान तर डब्याला 'आमी नो'च म्हणायचा.

मग त्यांची चौकशी सुरू झाली. हिरवा ठिपका कुठाय? मी म्हणालो, बाहेरचा माल आहे, तिकडे ठिपका नसतो. मग काय लिवलंय ते वाच. लेबलवर मुंगीएवढं इंग्रजी होतं. त्यातलं 'प्लांट सोर्स' एवढं मला लागलं. आता नागापूरच्या माणसाला प्लांट म्हटलं की एकच गोष्ट दिसते. शेड, भोंगा, गेटवरचं पंचिंग. आमच्याच कंपनीचे प्लांट एक आणि प्लांट दोन आहेत. मी छातीठोकपणे सांगितलं, "प्लांटमधून आलंय, असं लिहिलंय. म्हणजे कंपनीत बनलंय, खाटकाकडे नाही." वस्तादांचा सगळा जन्म प्लांटमध्ये गेलेला. त्यांनी मान डोलावली. "प्लांटातलं हाय म्हंजी मापात असंल," म्हणाले.

पहिल्या दिवशी मीच ग्लासात ढवळून दिलं. भुकटी विरघळेना, वर फेस धरून तरंगत राहिली. वस्तादांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि डोळे मिटून सगळं पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी ते घरातून अर्धं लिंबू घेऊन आले. "लिंबानं बरं लागंल," म्हणाले आणि ग्लासात पिळलं. तेव्हापासून व्यायामाआधी ग्लास, ग्लासाशेजारी अर्धं लिंबू, असा नेमच झाला. काकू कुरकुरायच्या, की चहाला लिंबू राहत नाही. मला तो सगळा थाट बघून बरं वाटायचं. आपण आणलेली वस्तू वस्ताद चवीने घेतायत, असंच मी समजत होतो.

आणि अंग भरायला लागलं. दंड पुन्हा शर्टात मावेनासे झाले. फुल बाह्या गेल्या, जुना बनियन आला. माळेचा पदर पुन्हा दातापर्यंत ताणून धरावा लागू लागला. पुढच्या हनुमान जयंतीला त्यांनी गोटी उचलली, गुडघ्यावर घेतली, छातीवर घेतली आणि खांद्यावर नेली. गल्लीने शिट्ट्या मारल्या. काकूंनी दारातूनच डोळ्यांना पदर लावला. वस्तादांनी गोटी ठेवली, माळ पुसली आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं केलं," म्हणाले. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं. आज ते आठवलं की जेवणावरून उठावंसं वाटतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी इम्रानने मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. तो स्वतःसाठीच शोधत होता. डबा बघून त्यालाही ॲमिनो सुरू करायचं होतं आणि कुठल्या वस्तूत काय असतं, हलाल आहे की नाही, हे तो आधी बघून घेतो. तेही त्याने वस्तादांकडूनच उचललेलं. व्हिडिओतला माणूस हिंदीत सांगत होता, की काही कंपन्या हे ॲमिनो कोंबड्यांच्या पिसांपासून आणि न्हाव्याकडच्या केसांपासून काढतात. पिसं ॲसिडमध्ये उकळतात, मग भुकटी करतात. इम्रान मान खाली घालून ऐकत होता. वस्ताद त्याच्या मागे उभे आहेत आणि त्यांच्या हातात भरलेला ग्लास आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

"कसली पिसं?" वस्तादांनी विचारलं.

इम्रानने मोबाईल पालथा केला. मी म्हणालो, "वस्ताद, सगळ्यांचं तसं नसतं. हे मोबाईलवरचं काहीही असतं." मला स्वतःला काही ठाऊक नव्हतं, पण बोलत सुटलो. वस्तादांनी ऐकून घेतलं. ग्लास मोरीत ओतला, राखेने घासला, उपडा ठेवला. लिंबाची फोड उचलली आणि घरात गेले. त्या दिवशी व्यायाम झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आले तर गळा मोकळा. जन्मभर माळेखाली राहिलेल्या कातडीचा फिकट पट्टा तेवढा मानेभोवती दिसत होता. मी बोलायला गेलो तर म्हणाले, "तुजी काय चूक न्हाई. तू चांगल्यासाठी आनलं." त्यापेक्षा दोन कानफटात मारल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो.

ज्या महाराजांच्या हातून त्यांनी माळ घातली होती त्यांच्याकडे ते जाऊन आले. महाराज म्हणाले, न कळत झालं, पुन्हा घालून देतो. वस्ताद पाया पडले आणि तसेच मोकळ्या गळ्याने परत आले. का, ते कुणालाच सांगेनात. एकादशीच्या भजनात ते टाळ घेऊन पुढे बसायचे, ते आता देवळाच्या बाहेरच्या पायरीवर बसू लागले. आत या म्हटलं तर हात जोडत. घरातही त्यांनी आपलं ताट-वाटी वेगळी काढली. माळकऱ्याच्या घरात मटण खाणाऱ्या पाहुण्याची भांडी वेगळी असतात, त्या फळीवर आपलं ताट ठेवलं. काकू मला म्हणाल्या, "भाऊ, एवढी वर्सं एका ताटात खाल्लं. आता मला भाकरी वरनं वाढाया लावत्यात." त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट गेलो की चहा करायच्या.

माळ काकूंनी देवघरात विठ्ठलाच्या तसबिरीला अडकवली. वस्ताद त्यांना म्हणाले होते, "मी मागीन तवा दे." आम्ही सगळे त्या मागण्याची वाट बघत होतो. व्यायामशाळेत आलेला प्रत्येक जण आधी त्यांच्या गळ्याकडे बघायचा आणि मग वजनाकडे जायचा. इम्रान तर काही दिवस यायचाच बंद झाला. वस्तादांनी स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याला आणलं.

डबा मात्र त्यांनी फेकला नाही. भुकटी खड्डा करून पुरली, डबा धुतला आणि त्यात व्यायामशाळेचे नट-बोल्ट ठेवले. "डब्याचा काय दोष," म्हणाले. एकदा बाकड्याच्या बोल्टचे आटे गेले, ते कंपनीत पाडून आणावेत म्हणून मी तो डबाच पिशवीत घालून नेला. माझ्या टेबलावर तो बघून आमच्या लॅबमधल्या मॅडम थांबल्या.

"अरे वा, तुम्ही घेता हे?"

"मी नाही. आता कुणीच घेत नाही. पिसांचं असतं म्हणतात."

त्यांनी डबा फिरवून लेबल वाचलं. "हे नाही पिसांचं. काही असतात तसे, पण यावर स्पष्ट लिहिलंय. प्लांट सोर्स. मक्यापासून आंबवून काढलेलं."

"प्लांट म्हणजे कंपनी ना?"

त्या हसल्या. "अहो, प्लांट म्हणजे झाड. वनस्पती." मग माझं तोंड बघून त्यांचं हसू गेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि आणखी एक गोष्ट म्हणाल्या, की वय झालेल्या माणसाला याचा थोडा उपयोग होतो म्हणतात, पण जो रोज दूध, डाळ, हुलगे खातो त्याला कितपत झाला असेल ते सांगता यायचं नाही. आजारपण सरलं आणि नेमाने व्यायाम झाला, त्यानेही अंग भरलं असेल. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं झालं त्याची कदाचित गरजही नव्हती. ते मी त्या दिवशी डोक्यातून काढून टाकलं. माझ्या डोक्यात एकच होतं, मका.

शिफ्ट सुटल्यावर मी जेवलोसुद्धा नाही, थेट भिंगार गाठलं. वस्ताद शेडच्या दारात बसून पट्ट्याला तेल लावत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. प्लांट म्हणजे झाड, मला इंग्रजी आलं नाही, डब्यावर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, मका होती, नुसती मका.

"मका म्हंजी गाईला घालत्यात ती?"

"तीच."

ते हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना तसं हसताना बघितलं. "बरं झालं. इम्रानलाबी सांग, त्याच्या जिवाला लई लागलंय." मग पुन्हा पट्ट्याला तेल लावू लागले.

मग मीच म्हणालो, "मग काकूंकडून माळ मागा ना आता."

त्यांनी तेलाचं बोट पुसलं. "मी लिंबू कशापायी पिळायचो, सांग बरं."

"कडू लागायचं म्हणून."

"कडूचं काय मोठं. टायफॉइडात काय कमी कडू प्यालो व्हय? वास यायचा रं. केस जाळल्यावानी. पयल्या दिशी वाटलं, भास आसंल. दुसऱ्या दिशी बी आला. तवा माज्या मनात आलं, ह्यात काय तरी हाय. तुला इचारायचं हुतं."

"मग का नाही विचारलं?"

"गोटी दिसत हुती डोळ्याम्होरं. इचारलं आन तू म्हनलास, व्हय, हाय काय तरी, तर डबा बंद झाला आस्ता. म्हनून इचारलं न्हाई. लिंबू पिळलं." त्यांनी पट्टा गुंडाळून ठेवला. "मका निघाली ती मक्याची पुण्याई. मी तर पिसं समजूनच पीत हुतो."

मी म्हणालो, "मी आणलाच नसता डबा तर?" ते म्हणाले, "तू आनलास म्हनून मला कळलं, मी कसा हाय ते." ते माझी समजूत घालायला बोलले, हे मला कळत होतं, पण समजूत काही पटली नाही. हा माणूस आयुष्यभर पळीला, तेलाला, कमरेला विचारत आला. एकदाच विचारायचा राहिला, तो मी त्याच्यासमोर ठेवलेल्या ग्लासापाशी. त्या ग्लासात मी आशा घालून दिली होती आणि ती सोडवत नाही, हे मला कळायला हवं होतं.

त्यानंतरही ते व्यायाम करत राहिले. गोटी मात्र पुन्हा उचलली नाही. हनुमान जयंतीला इम्रानला पुढे करायचे आणि स्वतः बाजूला उभे राहून "आधी इचार" म्हणायचे. स्वतः बाराखाली वाकताना त्यांचा हात सवयीने गळ्याशी जायचा, काही नाही म्हणून परत यायचा. मग ते नुसते दात मिटायचे. आवाज तेव्हाही काढला नाही. दातात काही नसताना ते कशासाठी गप्प राहत, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

यंदाच्या थंडीत वस्ताद गेले. सकाळी दूध घेऊन आले, काकूंच्या हातात तांब्या दिला, ओट्यावर बसले आणि तिथेच कलंडले. मी पोचलो तेव्हा त्यांना खाली चटईवर घेतलं होतं. शेवटी शेवटी अंग फार उतरलं होतं. मान तर अगदी बारीक झालेली आणि इतके दिवस शर्टाच्या कॉलरने ती लपवली होती, हे तेव्हा लक्षात आलं.

आंघोळ घालून झाली. तिसगावकडच्या कुणा म्हाताऱ्या पाहुण्याने विचारलं, माळ कुठंय? काकू उठल्या, देवघरातून माळ घेऊन आल्या. ती बघून तो पाहुणा म्हणाला, "एवडी मोटी कुनाची?" काकू माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, घालू का? तुमी सांगा."

मी कोण सांगणारा. माझ्या घरात माळ नाही, मी त्या वाटेचा नाही. पण त्यांनी मलाच विचारलं आणि का विचारलं ते आम्हा दोघांनाच माहीत. मी म्हणालो, "काकू, मका होती हो ती."

"ते मला ठावं हाय. त्यांनाबी ठावं हुतं." त्या माळेकडे बघत होत्या. "पर मागीन तवा दे म्हनले हुते. मागितली न्हाई."

पाहुण्यांतल्या एका बाईने तुळशीचं पान आणलं होतं, तोंडात ठेवायला. काकूंनी ते तिच्या हातातून घेतलं. खाली बसल्या. पान ठेवलं आणि त्याच्याबरोबर माळेचा पदर वस्तादांच्या ओठांमध्ये सरकवला, दातांना लागेल असा. बाकीची माळ छातीवर नीट लावून दिली. "गळ्यात न्हाई घालत," त्या म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही. "वजन उचलताना दातात धरायचे, तेवडी धरू द्या."

न्यायची वेळ झाली. पुढच्या बाजूला एका अंगाने मी, दुसऱ्या अंगाने इम्रान. मागे गल्लीतले दोघं. सगळे वाकले. मी बांबूला हात घातला आणि तोंडातून निघूनच गेलं, "वस्ताद, उचलू का?"

कुणी हसलं नाही. आम्ही वाकलेलेच थांबलो. जरा वेळाने इम्रान माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाला, "माळ दातात हाय. न्हाई बोलायचे."

मग आम्ही उचललं.